टेलच्या माणसासाठी

रविवारची संध्याकाळ आहे. खडकवासल्याच्या चौपाटीवर तुम्ही भाजलेलं कणीस घेऊन उभे आहात. लिंबू-मीठ-तिखट चोळलेल्या दाण्यांचा वास, भज्यांच्या कढईचा धूर, मागे गाड्यांची रांग आणि पुढे सिंहगडाच्या पायथ्याकडे पसरलेलं पाणी. यंदा पाऊस चांगला झालाय. धरणातून मुठेत पाणी सुटलंय आणि लोक त्याचे फोटो काढताहेत.

कणीस संपवा, हात पुसा आणि सुटणाऱ्या पाण्याचा तो घुमारा ऐका. तो ऐकत ऐकत आपल्याला मागे जायचंय, सव्वाशे वर्षांहून जास्त. एका माणसाला भेटायचंय. पेशानं इंजिनियर. वयाची पन्नाशी गाठण्याआधीच सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, आणि निवृत्तीनंतर अर्धं शतक कामातच राहिलेला. जपान, इटली, अमेरिका पाहून आलेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, ठिकठिकाणी त्यांच्या फोटोला हार घातला जातो. आपण फोटोपाशी थांबणार नाही.

निघण्याआधी एक शब्द खिशात ठेवा: टेल. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या कुणालाही विचारा, तो समजावून सांगेल. कालवा सुरू होतो ते हेड, संपतो ते टेल. हेडच्या माणसाला पाणी मिळतंच, त्याला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. टेलचा माणूस मात्र रात्री कंदील घेऊन चारीवर बसतो. पाळी जाहीर झालेली असते, पाणी आलेलं नसतं. कालवा चांगला की वाईट, हे टेलला जाऊन बघायचं असतं.

नंदीच्या डोंगराखाली

पहिला मुक्काम लांबचा आहे. म्हैसूर संस्थानातलं मुद्देनहळ्ळी, नंदीच्या डोंगराजवळचं लहानसं गाव. तुम्ही एका साध्या घराच्या ओट्याशी उभे आहात. घरात संस्कृतची विद्या आहे, पैसा नाही. मुलगा शाळकरी वयात असतानाच वडील जातात. पुढचं शिक्षण बंगळूरला मामांच्या आधारानं होतं. स्वतः शिकता शिकता तो दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतो आणि त्या शिकवणीवर कॉलेजचा खर्च भागवतो.

इथे फार रेंगाळू नका. एवढंच पाहून ठेवा, की हा मुलगा स्वतः टेलचा आहे. विद्येचा पाट त्याच्या दारापर्यंत आपोआप आलेला नाही. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळते, तेव्हा कुठे पुढची वाट मोकळी होते. ती वाट पुण्याला येते.

पुणे, १८८१

आता ओळखीच्या जागी आलात. मुळा आणि मुठा जिथे भेटतात त्या संगमाजवळची दगडी इमारत. आज आपण जिला सीओईपी म्हणतो, ते तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स. शहरात नुकताच ‘केसरी’ सुरू झालाय. न्यू इंग्लिश स्कूल एक वर्षाचं आहे. फर्ग्युसन कॉलेज अजून जन्मायचंय. संध्याकाळी रॉकेलचे दिवे लागतात, नदीवरून गार वारा येतो आणि त्या उजेडात दक्षिणेतून आलेला एक बारीक अंगाचा विद्यार्थी आकडेमोड करत बसलेला असतो.

त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलंत तर वह्यांतली शिस्त दिसेल. ही शिस्त पुढे आयुष्यभर टिकणार आहे. जिथे जायचं तिथे आकडे घ्यायचे, टिपणं काढायची, आणि परत आल्यावर त्यांतून काय करता येईल ते मांडायचं. १८८३ मध्ये ते पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण होतात आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून रुजू होतात. पहिली नेमणूक नाशिकची, तिथून खानदेश.

म्हणजे ज्या माणसाला आपण कर्नाटकाचा म्हणून ओळखतो, त्याच्या हाताला पहिलं वळण आपल्या नद्यांनी लावलं.

पांझरेच्या वाळूत

धुळ्याच्या पश्चिमेला, पांझरेकाठी चला. पावसाळ्याचे दिवस आहेत. तेवीस-चोवीस वर्षांच्या या इंजिनियरकडे काम आलंय ते नदीचा प्रवाह ओलांडून पाटाचं पाणी पलीकडे नेण्याचं. त्यासाठी नळाचा सायफन घालायचाय. सायफन म्हणजे पाण्यानं प्रवाहाखालून बुडी मारून पलीकडच्या काठावर पुन्हा वर यायचं. कागदावर हे सोपं आहे. पण नदीला पूर येतो, खोदलेलं काम वाळूखाली गाडलं जातं. पाऊस संपेपर्यंत थांबावं असं त्यांना वाटतं, वरिष्ठांना ते पटत नाही. ते पुन्हा कामाला लागतात आणि सायफन पुरा करून दाखवतात.

तुम्ही मात्र जरा बाजूला बघा. त्याच पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्याखाली फड आहेत. फड बागायत ही खानदेश-बागलाणच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली रीत. बंधाऱ्याखालची जमीन मोठमोठ्या फडांत वाटायची, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दर वर्षी फड बदलायचा. जवळजवळ प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणून पाण्याचा लाभ सगळ्यांना आणि टंचाईचा चटकाही सगळ्यांना. पाणी सोडणारा पाटकरी गावानं नेमलेला. सरकार नाही, इंजिनियर नाही, आणि तरी टेलपर्यंत पाणी पोचतंय. हे चित्र लक्षात ठेवा. नीरेच्या काठी ते पुन्हा आठवेल.

सिंधूचं गढूळ पाणी, जपानच्या शाळा

दोन मुक्काम झपाट्यानं करू. १८९४ चा सुमार, सिंधमधलं सक्कर. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच आहे. शहराला पाणी सिंधूचं द्यायचं, पण सिंधूचं पाणी म्हणजे पातळ चिखल. ते गाळायला मोठ्या टाक्या बांधाव्यात एवढा पैसा नगरपालिकेकडे नाही. विश्वेश्वरय्या नदीलाच गाळणी करतात. काठाजवळ वाळूत विहीर खोदली की नदीचं पाणी वाळूतून झिरपत आत येतं, गाळ बाहेर राहतो आणि आत स्वच्छ पाणी साठतं. तुम्ही ओंजळ भरून प्या. पैसा नसलेल्या गावाला स्वच्छ पाणी पाजायची ही युक्ती त्यांना पुन्हा एकदा उपयोगी पडणार आहे.

१८९८. इंजिनियर जपानला निघालेत. सरकारनं धाडलेलं नाही, ते आपणहून चाललेत. पुण्यानं नुकतंच प्लेगचं भयाण वर्ष पाहिलंय. अशा काळात हिंदुस्थानातला एक सरकारी नोकर रजा घेऊन पूर्वेकडे जातो, कारण एका आशियाई देशानं तीस वर्षांत कात टाकली म्हणजे नेमकं काय केलं, हे त्याला डोळ्यांनी बघायचंय. तुम्ही त्यांच्याबरोबर जपानी शाळेच्या दारात उभे आहात. आत पोरं एका सुरात धडा वाचताहेत, मुलीही आहेत. कारखाने पाहून झाले, तरी ते शाळांशी थबकतात. या प्रवासातून त्यांनी घरी आणलं ते हेच, की यंत्रं नंतर येतात, आधी सगळी मुलं शाळेत यावी लागतात. पुढे म्हैसूरचे दिवाण झाल्यावर त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याच्या दिशेनं पावलं टाकली, त्याचं बी इथलं आहे.

नीरेचा पाट, १९००

आता वेग कमी करा. बारामतीच्या बाजूला, नीरेच्या डाव्या कालव्यावर या.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर हा कालवा झालाय. भाटघरला धरण, वीरला बंधारा, तिथून पाट. ज्या मुलखानं अन्नाविना माणसं मेलेली पाहिली, तिथे पाणी आलं. आणि पाणी आल्यावर काय झालं, ते चालत चालत बघा. हेडला ऊस आहे. गर्द, हिरवा, डोक्याच्या वर गेलेला. त्याला बारा महिने पाणी आहे, गरजेपेक्षा जास्तच आहे. जमीन उपळलीय, कुठे कुठे पांढरा क्षार फुललाय. डासांचे थवे आहेत, घराघरात हिवताप आहे. चार मैल पुढे जा. तिथे ज्वारी वाळतेय आणि शेतकरी पाटाच्या कोरड्या तळाकडे बघत बसलाय. एकाच कालव्याच्या एका टोकाला पाण्यानं नासाडी, दुसऱ्या टोकाला पाण्यावाचून.

पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर म्हणून विश्वेश्वरय्या हे पाहतात आणि ब्लॉक पद्धत मांडतात. विखुरलेल्या शेतांना वाटेल तसं पाणी देण्याऐवजी निवडक जमिनींचे सलग गट पाडायचे. गटाचे साधारण तीन भाग. एकात ऊस, एकात भात, एकात कमी पाण्याचं पीक. दर वर्षी भाग फिरवायचे. म्हणजे एकाच जमिनीला वर्षानुवर्षं पाणी बसत नाही, तिला विश्रांती मिळते, आणि वाचलेलं पाणी पुढच्या गावांना जातं. हेडच्या उसाचा एक भाग कमी होतो, तेव्हा टेलच्या ज्वारीला घोट मिळतो.

पांझरेचे फड आठवले? गावकऱ्यांनी अनुभवातून जे उभं केलं आणि इंजिनियरानं मोजमापातून जे मांडलं, ते किती जवळ येतं बघा. पाणी वाटून घ्यायचं तर आधी पीक वाटून घ्यावं लागतं. हे तेव्हा गळी उतरणं सोपं नव्हतं, आजही नाही. ज्याला मुबलक मिळतंय त्याला शिस्त जाचते. १९०१ साली नेमलेल्या इरिगेशन कमिशननं या पद्धतीची दखल घेतली, ही त्या वेळी मोठी गोष्ट होती.

खडकवासला, १९०३

आणि आता तुम्ही पुन्हा तिथेच आलात, जिथून निघालो. फक्त चौपाटी नाही. रस्ता कच्चा आहे, टांग्याचा घोडा दूर झाडाखाली शेपटी हलवतोय. समोर दगडी धरण आणि मागचं तळं, साहेबांच्या बोलीत लेक फाइफ. पुणे शहर, कॅम्प आणि मुठेचा कालवा, सगळे याच पाण्यावर. आणि पाणी पुरत नाही. पावसाळ्यात सांडव्यावरून धो धो वाहून जातं, उन्हाळ्यात टंचाई. भिंत उंच करायची तर खर्च अवाढव्य.

सांडव्याच्या माथ्याशी जा. तिथे लोखंडी दारं बसवलीत. उंची सुमारे आठ फूट. दारावर हात ठेवा. गार, ओलं, आतल्या पाण्याच्या दाबानं किंचित थरथरणारं. आता बघा, त्याला माणूस लागत नाही. दाराचा भार एका वजनानं तोलून धरलाय, विहिरीवरच्या रहाटाला एका बाजूनं बादली आणि दुसऱ्या बाजूनं धोंडा बांधावा तसा. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढलं की हा तोल पाणीच बदलतं आणि दार उघडतं. जादा पाणी निघून जातं. पातळी उतरली की दार आपणहून मिटतं. रात्री-बेरात्री, भर पावसात कुणी चाक फिरवायला धावायचं नाही. पुराला वाट मिळते आणि पूर ओसरल्यावर त्याच्या शेवटच्या पाण्यानं धरण काठोकाठ भरून राहतं. भिंतीचा एक दगडही न वाढवता साठा सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढला.

पाऊस सुरू झालाय. तुम्ही धरणावर भिजत उभे आहात, पाणी बोट बोट चढतंय. आणि मग, कुणी हात न लावता, पहिलं दार हलतं. खालून पांढराशुभ्र प्रवाह सुटतो. शेजारी फेटा बांधलेला, गळाबंद कोटातला माणूस घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपतो. चेहऱ्यावर आनंद असेल तर तो तेवढाच.

या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. त्याबद्दल मिळू शकणारं मानधन त्यांनी घेतलं नाही. सरकारी पगारावर, सरकारी वेळात केलेल्या कामाचे पुन्हा पैसे कसे घ्यायचे, हा त्यांचा साधा हिशेब. पुढे कावेरीवरच्या धरणालाही याच कल्पनेची दारं बसली. जगभर हिंडून आलेल्या या माणसानं एक गोष्ट मात्र पुण्याहून बाहेर नेली.

वाळवंट, आणि निवृत्ती

१९०६. एडन. डांबरासारखे काळे डोंगर, उकळतं ऊन, वर्षाकाठी नावाला पाऊस. तेव्हा या बंदराचा कारभार मुंबई सरकारकडे आहे आणि इथल्या पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची योजना करायला विश्वेश्वरय्या आलेत. ते शहरात बसून राहत नाहीत, आतल्या मुलखात जातात. लाहेजच्या बाजूला कोरड्या नदीची वाळू दिसते आणि त्यांना सक्कर आठवतं. वरून कोरडी असली तरी वाळूच्या पोटात पाणी असतं. विहिरी खोदून ते पाणी एडनला आणायचं, असा त्यांचा आराखडा.

१९०८. इथे थोडं थांबा, कारण इथे ते नोकरी सोडतात. वय पन्नाशीच्या अलीकडे. काम इतकं केलंय की खात्यात वरच्या जागेची अपेक्षा धरावी. पण चीफ इंजिनियरच्या खुर्चीवर त्या काळी हिंदी माणूस बसवला जात नाही, हे त्यांना पक्कं कळलंय. कागदपत्रांत त्रागा नाही, निरोपाचं जहाल भाषण नाही. ते शांतपणे निवृत्ती घेतात आणि बोटीवर चढतात. युरोप बघायचाय, अमेरिका बघायचीय.

आपल्याकडे निवृत्त माणूस म्हणजे सकाळची फेरी, वर्तमानपत्र आणि नातवंडं असं चित्र डोळ्यांपुढे येतं. त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही आत्ता बोटीच्या कठड्याशी एका निवृत्त माणसाशेजारी उभे आहात, आणि त्याच्या आयुष्यातलं मोठं काम अजून सुरूच झालेलं नाही.

हैदराबादची चिंच

इटलीत मिलानला त्यांना निजामाच्या सरकारचा निरोप गाठतो. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं हैदराबाद बुडवलंय.

आपण त्या दिवसाकडेच जाऊ, पाय घट्ट रोवून. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारात चिंचेचं एक मोठं झाड आहे. पाणी कमरेला, मग छातीला लागतं. लोक झाडावर चढताहेत. तुम्हीही वर ओढले जाता. फांदीवर एक बाई लेकराला पदरानं छातीशी बांधून बसलीय. खालून घरं जाताहेत, गुरं जाताहेत, माणसं जाताहेत. हाका ऐकू येतात आणि मग ऐकू येत नाहीत. त्या चिंचेनं सुमारे दीडशे माणसं तगवली. शहरानं हजारो गमावली. ती चिंच आजही त्या आवारात उभी आहे आणि पुराच्या स्मरणदिनी लोक तिच्यापाशी जमतात.

१९०९ च्या एप्रिलात विश्वेश्वरय्या हैदराबादला येतात. ते आधी नदीच्या वरच्या अंगाचा पावसाचा आणि तळ्यांचा हिशेब काढतात. मुसीच्या खोऱ्यात शेकडो जुनी तळी होती. पावसाच्या माऱ्यानं वरचं तळं फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खालचं फुटलं, असं करत दोनशेहून अधिक तळी फुटली. शहरावर आलेला पूर या सगळ्यांचा मिळून होता. नुसत्या काठाला भिंती घालून हे भागणार नाही, पाण्याला शहराच्या वरच थोपवायला हवं, थोडं थोडं सोडायला हवं. म्हणून मुसीवर एक आणि तिला मिळणाऱ्या ईसीवर एक, अशी दोन धरणं. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. ज्या पाण्यानं शहर मारलं, त्याच पाण्यानं पुढे पिढ्यान्‌पिढ्या शहराची तहान भागवली.

आणि हे सगळं निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी आखलं गेलं.

कावेरीकाठी

१९०९ च्या नोव्हेंबरात ते म्हैसूरचे चीफ इंजिनियर होतात. जी खुर्ची ब्रिटिश मुलखात मिळाली नाही, ती आपल्या संस्थानात मिळाली. १९११ मध्ये कन्नंबाडीला कावेरीवरच्या धरणाचं काम सुरू होतं, तेच कृष्णराजसागर. तुम्ही चुन्याच्या घाण्याशी उभे आहात. बैल गोल गोल फिरताहेत, दगडी चाकाखाली चुना आणि विटांची सुरखी एकजीव होतेय. धरण या चुन्या-सुरखीत बांधलं गेलं. हजारो मजूर टोपल्या वाहताहेत. १३० फूट उंचीची भिंत माणसाच्या डोक्यावरून, एका टोपलीमागे दुसरी, अशी चढत जाते. हिच्या पाण्यानं मंड्याचा कोरडा मुलूख उसाचा झाला.

पण मागे वळूनही बघा. गावं पाण्याखाली जाताहेत. माणसं बैलगाडीत भांडीकुंडी, देव आणि दाराची चौकट घालून चाललीत. कोयना-उजनीच्या धरणग्रस्तांना पाहिलेल्या आपल्याला हे चित्र परकं नाही. टेलला पाणी देताना कुणाला तरी घर सोडावं लागतं. ती किंमत हिशेबात मांडल्याशिवाय धरणाची गोष्ट पुरी होत नाही.

१९१२ मध्ये ते दिवाण होतात. सहा वर्षांत संस्थानाची बँक (१९१३), विद्यापीठ (१९१६) आणि भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची पायाभरणी. १९१८ मध्ये ते पद सोडतात. कारण सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा राखून ठेवण्याचा प्रश्न. म्हैसूरचे महाराज त्या बाजूला होते. केवळ गुणवत्तेवर निवड व्हावी, हा दिवाणांचा आग्रह होता. इथे माझं मन त्यांच्यापासून दूर जातं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, कारण शिक्षणाचा आणि नोकरीचा पाट हेडलाच अडतोय हे त्यांना दिसत होतं. नीरेच्या टेलचा शेतकरी ज्यांना इतका स्वच्छ दिसला, त्यांना समाजाच्या टेलचा माणूस तितका दिसला नाही. मोठ्या माणसाची आठवण काढायची तर ही गोष्ट वगळून काढू नये. त्यानं त्यांची धरणं लहान होत नाहीत आणि आपली नजर मोठी होते.

गंगेवर, नव्वदीत

पुढे बरीच वर्षं आहेत, आपण भराभर जाऊ. पुन्हा जपान, पुन्हा अमेरिका, पुन्हा युरोप. १९३४ मध्ये हिंदुस्थानच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक. मोटारीचा कारखाना देशात निघावा म्हणून परदेशी कारखान्यांचा अभ्यास. प्रत्येक प्रवासातून ते आपल्या देशाला पुरेल असं काहीतरी आणतात.

आणि मग १९५२ मध्ये तुम्ही बिहारमध्ये मोकामाजवळ गंगेच्या काठावर आहात. नव्वदी ओलांडलेला एक माणूस पुलाची जागा बघायला आलाय. डोक्यावर तोच फेटा, अंगावर तसाच इस्त्रीचा कोट. समोर समुद्रासारखी गंगा. ते नकाशा मागतात, प्रश्न विचारतात. तो पूल, राजेंद्र सेतू, १९५९ मध्ये सुरू झाला. मधे १९५५ मध्ये भारतरत्न आलं.

१२ जुलै १९६१

शेवटचा मुक्काम अवघड आहे. पुण्यातल्या जुन्या पेठांतल्या घरांमध्ये या तारखेची कथा अजून सांगितली जाते. सकाळी पानशेतचं धरण फुटलं. त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि तेही जुनं दगडी धरण फुटलं. शनिवार, नारायण, कसबा या पेठांत आणि डेक्कनला पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नव्हतं, कारण जिथून ते यायचं तो तलावच रिकामा झाला होता.

त्या दिवशी विश्वेश्वरय्या बंगळूरला होते. शंभरीच्या आसपासचं वय. ज्या तलावाच्या सांडव्याशी पावसात उभं राहून पाण्याची पातळी मोजली, तो त्यांच्या हयातीत गेला. त्यांना काय वाटलं असेल ते तुमच्या-माझ्या अंदाजापलीकडचं. पुढच्या एप्रिलात, १९६२ मध्ये ते गेले. खडकवासला पुन्हा बांधलं गेलं.

परत

आता परत या. चौपाटीवर दिवे लागलेत. धरणाचं पाणी अजून सुटतंय. घरी पोचाल, हात धुवायला नळ सोडाल. तो नळ याच धरणाचा. आणि याच धरणाचा कालवा इथून हवेली, दौंड आणि इंदापूरला जातो. पुणे वाढलंय, शहराचा नळ मोठा झालाय आणि दर उन्हाळ्यात पाण्यावरून तीच ओढाताण होते. शहरवाले आपण हेडला आहोत. टेलला इंदापूरचा शेतकरी आहे. त्याची पाळी जाहीर झालीय आणि चारी कोरडी आहे.

तुमच्याही ओळखीत पाटबंधारे, रेल्वे, वीज मंडळ यांत आयुष्य घालवलेले कुणी काका-आजोबा असतील. पाटकऱ्यांपासून परदेशी साइटपर्यंत सगळं पाहिलेले. त्यांच्याकडे जाऊन बसा. कुठे कुठे फिरलात, हे विचाराच. पण मग विचारा, तिथून घरी काय आणलंत आणि ते कुणापर्यंत पोचलं. त्यांच्या वह्या मागून घ्या, रद्दीत जाऊ देऊ नका.

आणि ब्रश करताना नळ बंद ठेवा. शंभर किलोमीटरवर कुणीतरी ते पाणी यायची वाट बघतंय.